रोमच्या वाटेवर बोल्सेना लागतं

खोटं बोलायचं असं ठरवून मी काही बोललो नव्हतो. जिन्यात पाल्मिराबाई भेटल्या आणि तोंडातून निघून गेलं, एवढंच.

पाल्मिराबाई आमच्या तळमजल्यावर राहतात. कास्तेल्लारा हे आमचं टेकडीवरचं गाव मुळातच एवढंसं, की वरच्या वेशीत कुणी शिंकलं तर खालच्या वेशीतला माणूस 'जपा हो' म्हणतो. त्यात बाईंचं दार जिन्याला लागून. त्या दिवशी माझ्या पिशवीत पावाचा तुकडा, दोन टोमॅटो आणि माशाचा एक डबा होता. बाईंनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डॉक्टर लोक एक्स-रे बघून बोलतात त्या आवाजात विचारलं, "एर्सिलिया अजून नाही आली?"

एर्सिलिया माझी बायको. तिची थोरली बहीण झेलिंदा बोल्सेनाला तळ्याकाठी एकटी राहते. जुलैत झेलिंदाचं मनगट मोडलं, म्हणून एर्सिलिया तीन आठवड्यांसाठी तिकडे गेली. आता सप्टेंबर संपत आला होता आणि त्या तीन आठवड्यांना अकरावा आठवडा लागला होता.

"येईल की," मी म्हणालो. "घाई काय आहे?"

"मनगटच मोडलंय ना?" बाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांचा खुबा मोडला होता, तरी दोन महिन्यांत पत्ते कुटायला जायला लागले होते."

ह्यावर सभ्य माणसाने गप्प बसून जिना चढायचा असतो. मी म्हणालो, "आणि मला तरी घरात कुठे बसायचंय? मी रोमला निघालोय."

"बसनं?"

"पायी."

आता ही वाट म्हणजे काही मी शोधून काढलेली नाही. उत्तरेकडून रोमला जाणारे यात्रेकरू हजार वर्षं आमच्या गावातून जातायत. गेली चाळीस वर्षं तर ते थेट माझ्या खिडकीखालून जातात आणि मी कॉफी पीत त्यांच्या बुटांना नावं ठेवतो. ह्याच वाटेवर, आमच्यापासून पाच दिवसांवर, बोल्सेना लागतं.

बसने गेलं तर बोल्सेना दोन तासांचं, हे मला ठाऊक होतं. पण बसने जाणं म्हणजे बायकोला आणायला जाणं. अडतीस वर्षं संसार केलेला, नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर छत्तीस वर्षं काढलेला ओरेस्ते बाल्दाच्ची हातात टोपी धरून मेव्हणीच्या दारात उभा राहणार आणि म्हणणार, 'घरी चल, मला करमत नाही'? असलं वाक्य आमच्या घराण्यात अजून कुणी उच्चारलेलं नाही. माझे वडील आईला दवाखान्यात भेटायला गेले की तिला पावाचे भाव सांगून परत यायचे. तेव्हा रोमला जाता जाता वाटेत बोल्सेना लागलं, लागलंच आहे तर डोकावलो, हे कसं अब्रूला धरून होतं.

फोन मात्र रोज दुपारी एकला व्हायचा. मी विचारायचो, कपडे धुवायच्या यंत्राचं लोकरीसाठी बटण कुठलं? ती सांगायची. मी ते दाबायचो. आतापर्यंत माझे दोन स्वेटर बाहुलीला होतील एवढे झाले होते. ती विचारायची, जेवलास? मी म्हणायचो, हो. मग दोघं थोडा वेळ फोनमधली खरखर ऐकायचो आणि ती म्हणायची, "अजून एक आठवडा राहते."

संध्याकाळपर्यंत माझी यात्रा गावभर झाली. औषधवाल्याने सांगितलं, नवे बूट घालू नका. खाटकाने सांगितलं, जुने घालू नका. पाल्मिराबाईंनी तो प्रश्नच मिटवला. त्यांनी यजमानांचे शिकारीचे बूट आणि हिरवे लोकरी मोजे आणून दिले. यजमानांचा पाय माझ्याहून दीड नंबर मोठा होता. "दोन मोजे घाला," बाई म्हणाल्या. गेलेल्या माणसाच्या बुटांना नाही कसं म्हणायचं?

मग लोक नवस घेऊन यायला लागले. रोमला चाललाच आहात तर संत पिएत्रोच्या कबरीपाशी आमचंही एक सांगा. कुणाचा गुडघा, कुणाची कवळी, कुणाचा जावई. मी हाडाचा कारकून, वहीत अनुक्रमांक घालून सगळं लिहून घेतलं. सतरा अर्ज झाले. मला फक्त बोल्सेनापर्यंत जायचं होतं, आणि माझ्या खिशात आता सतरा माणसांचं रोम होतं.

वाटेतल्या धर्मशाळांत जागा मिळायची तर यात्रेकरूची पुस्तिका लागते. तिच्यावर गावोगावी शिक्के घ्यायचे. पुस्तिका द्यायची चर्चने. पण आमचे फादर तीन गावांत वाटलेले, आमच्या वाट्याला गुरुवार येतो. बाकी दिवस कपाटाच्या किल्ल्या देवळाची झाडलोट करणाऱ्या ओलिंतोकडे. आणि ह्या ओलिंतोला मी पंचवीस वर्षांपूर्वी तीनदा परत पाठवलं होतं. त्याच्या मुलीचं नाव दवाखान्याच्या चिठ्ठीवर एका शब्दात होतं आणि अर्जावर दोन शब्दांत. नियम म्हणजे नियम.

ओलिंतोने चष्मा पुसला. सावकाश पुसला. "बाप्तिस्म्याचा उतारा आणलायस?"

"अरे, ह्याच देवळात झालाय माझा बाप्तिस्मा! तुझ्या मागच्याच कपाटात असेल."

"असेल. पण अर्ज करावा लागेल."

"ओलिंतो, तुझ्या मुलीचा जन्म मी नोंदवलाय."

"नोंदवलास ना," ओलिंतो म्हणाला. "चौथ्या खेपेला."

मी अर्ज केला. दुसऱ्या दिवशी त्याला शाई निळी नको, काळी हवी होती. तिसऱ्या दिवशी किल्ली सापडत नव्हती; ती त्याच्या कमरेला दिसत होती, पण सापडत नव्हती. चौथ्या खेपेला त्याने पुस्तिका काढली आणि माझं नाव इतक्या सुंदर अक्षरात लिहिलं, की एवढ्या वर्षांत आपण लोकांची नावं कशी खरडली ते आठवून मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

"यात्रेचं कारण?" त्याने विचारलं. "धार्मिक, आत्मिक, इतर."

"धार्मिक लिही."

ओलिंतोने चष्म्यावरून बघितलं. "तुला देवळात शेवटचं मी पाहिलं ते तुझ्या सासऱ्याची शवपेटी उचलताना."

"मग इतर लिही."

"इतर म्हणजे काय, तेही लिहावं लागतं."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्याने काहीतरी लिहिलं, शिक्का मारला आणि पुस्तिका मिटून माझ्या हातात दिली. "जा," तो म्हणाला. "जपून जा."

निघालो त्या सकाळी त्याने माझ्यासाठी घंटा वाजवली. माणसं खिडक्यांत उभी. पाल्मिराबाईंनी डोळ्याला पदर लावावा तसा एप्रन लावला. अशा निरोपानंतर माणूस परत फिरू शकत नाही. नाहीतर पहिल्या टेकडीपाशीच मी फिरलो असतो.

चालण्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की सगळे मला मागे टाकून गेले. जर्मन गेले, पोलंडच्या नन गेल्या, एक माणूस गाढव घेऊन चालला होता तोही गेला, गाढवाने तर जाताना वळून पाहिलं. सान क्विरिकोच्या पुढे हेंड्रिके नावाची हॉलंडची बाई भेटली. वय शहात्तर. इंग्लंडपासून चालत आली होती. आमची भाषा पुस्तकातून शिकलेली, त्यामुळे वाक्यं छोटी आणि धारदार.

"तू दमलास," ती म्हणाली.

"छे, छे. मी देखावा बघतोय."

"देखावा पुढे आहे. तू जमिनीकडे बघतोस."

दुपारी एकला खिशातला फोन वाजला. मी नेमका मेंढ्यांच्या कळपात उभा होतो.

"जेवलास?" एर्सिलियाने विचारलं.

"हो. आत्ताच. घरीच आहे."

"त्या घंटा कसल्या वाजतायत?"

"टीव्ही," मी म्हणालो. एक मेंढी माझ्या कोपराशी ओरडली. "शेतीचा कार्यक्रम आहे."

"असं का," एर्सिलिया म्हणाली.  "बघ मग. चांगला असतो तो कार्यक्रम."

तिच्या आवाजात काहीतरी होतं, पण मेंढ्यांमुळे नीट ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर मी तिथेच उभा राहिलो. ती घरी असते तेव्हा ह्या वेळेला खिडकी उघडून टेबलावरचा रुमाल झटकते. पाखरं त्या आवाजाला येऊन बसायची. ऑगस्टपासून मी रोज रुमाल झटकत होतो. पाखरांना फरक कळत होता.

तिसऱ्या संध्याकाळी राडिकोफानीला पोचलो. हे गाव डोंगराच्या टोकावर का बांधलंय, हे बांधणाऱ्यांनाच माहीत. तिथल्या धर्मशाळेत एक जुनी चाल आहे: जेवणाआधी धर्मशाळा चालवणाऱ्या मंडळाचे स्वयंसेवक यात्रेकरूंचे पाय धुतात. मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर बाहेरच बाकावर पडून राहिलो असतो. कारण मी मोजे काढले आणि माझे पाय हिरवे निघाले. पाल्मिराबाईंच्या यजमानांच्या मोज्यांचा रंग तीन दिवसांच्या घामाने घोट्यापर्यंत उतरला होता. साक्षात बेडूक.

"हे मोज्यांचं आहे," मी सगळ्यांना सांगितलं. "आजार नाही."

माझ्यासमोर गुडघे टेकून बसलेला माणूस सत्तरीचा, निवृत्त मास्तर असावा तसा दिसत होता. तो हसला नाही. त्याने माझा डावा पाय हातात घेतला, कोमट पाणी ओतलं, अंगठा हळूच बाजूला करून फोडाच्या भोवतीने हात फिरवला. तांब्याच्या परातीत पाणी हिरवं होत गेलं. मग टॉवेलने टिपून, रीतीप्रमाणे त्याने खाली वाकून पायाला ओठ लावले.

आणि मला रडू आलं. पायाचं दुखणं होतंच, पण त्याने नव्हे. अकरा आठवड्यांत मला कुणी हात लावला नव्हता. न्हाव्यानेसुद्धा नाही, केस मी स्वतःच कापत होतो. घरात जाता-येता ती माझ्या कॉलरवरचा धागा काढायची, कॉफी देताना बोटाला बोट लागायचं. हे सगळं मोजण्यासारखं असतं हे मला माहीतच नव्हतं. मास्तरांनी टॉवेलचं कोरडं टोक माझ्याकडे केलं.

जेवणाच्या टेबलावर लसणीच्या रश्शात घोळलेली पिची, म्हणजे आमच्याकडच्या जाड शेवया, होती. मास्तर सगळ्यांच्या पुस्तिकांवर शिक्के मारत नावं मोठ्याने वाचत होते. "ओरेस्ते बाल्दाच्ची, कास्तेल्लारा. यात्रेचं कारण..." ते थांबले. चष्मा जवळ नेला. "कारण: बायको."

टेबलावरचे सगळे काटे-चमचे थांबले.

निघाल्यापासून ती पुस्तिका माझ्या छातीवरच्या खिशात होती आणि मी उघडून बघितली नव्हती. त्या सुंदर, गोल अक्षरात ओलिंतोने सरळ लिहून टाकलं होतं. म्हणजे त्याला ठाऊक होतं. त्याला ठाऊक म्हणजे गावाला ठाऊक.

हेंड्रिकेने पाव मोडत विचारलं, "बायको कुठे आहे?"

"बोल्सेनाला."

"तिला माहीत आहे? तू येतोस ते?"

"नाही."

"मग सांग."

"असं कसं सांगायचं?"

"तोंडाने," हेंड्रिके म्हणाली.

राडिकोफानीहून आक्वापेंदेंतेला जायचं तर डोंगर उतरावा लागतो. दीड नंबर मोठ्या बुटांत उतरण म्हणजे प्रत्येक पावलाला दहाही बोटं भिंतीवर आपटणं. आक्वापेंदेंतेला पोचलो तेव्हा माझ्या पायाची दोन नखं माझी राहिली नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी बोल्सेना बावीस किलोमीटर उरलं होतं. आणि चौकात निळी बस उभी होती. पाटीवर लिहिलेलं: बोल्सेना.

मी बसलो. ह्याबद्दल मला जास्त बोलायचं नाही. शेवटच्या रांगेत, खिडकीच्या खाली जाईल इतकं सरकून बसलो. तरीही सान लोरेन्झोच्या अलीकडे रस्त्याच्या कडेने हेंड्रिके चालत होती, तिने मान वर केली आणि नेमकं मला बघितलं. काठी उंचावली. हा रामराम होता की धमकी, ते कळायच्या आत बस वळली.

बोल्सेनाच्या कारंज्याखाली मी तोंड धुतलं, भांग पाडला, बुटांवर थोडी धूळ उडवून घेतली आणि झेलिंदाचं दार वाजवलं. झेलिंदाने दार उघडलं. तिच्या मोडलेल्या हातात लाकडांचा भारा होता.

"भावजी!" ती म्हणाली. मग माझ्या मागे बघितलं, गल्लीत डावी-उजवीकडे बघितलं. "एर्सिलिया कुठाय?"

"कुठाय म्हणजे? तुझ्याकडे आहे ना?"

"ती सकाळी सातलाच गेली ना तुम्हाला सामोरी! तुम्ही निघालात त्याच दिवशी तुमच्या पाल्मिराबाईंचा फोन आला होता. रोज संध्याकाळी येतो. पाच दिवस मोजतेय ती बोटांवर. म्हणाली, आज वाटेतच गाठते त्याला." झेलिंदाने भारा खाली ठेवला. "वाट तर एकच आहे. तुम्ही एकमेकांना दिसला कसे नाहीत? भावजी, तुम्ही चालतच आलात ना?"

मी बुटांकडे बघितलं.

"अगं बाई," झेलिंदा म्हणाली.

फोन करावा म्हटलं, तर एर्सिलियाचा फोन तिथेच टेबलावर चार्जिंगला लावलेला. आता काय करणार? मी ते बूट काढून दाराशी ठेवले, झेलिंदाच्या बागेतल्या पिवळ्या रबरी चपला घातल्या आणि आलो त्या दिशेला, म्हणजे रोमकडे पाठ करून, चढाला लागलो. समोरून येणारा प्रत्येक यात्रेकरू थांबून मला काळजीने सांगत होता, "काका, रोम तिकडे."

तासाभराने हेंड्रिके समोरून आली.

"लाल पिशवी," तिने विचारलं, "पांढरे केस, नाकावर तीळ?"

"हो! कुठे आहे?"

"मागे. येतेय. तिने विचारलं, माझा नवरा पाहिलास? मी म्हटलं, पाहिला. बसमध्ये."

"असं का सांगितलंस?"

"मी यात्रेला निघालेय. खोटं बोलत नाही." तिने माझ्या चपलांकडे बघितलं आणि मग, पहिल्यांदाच, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जा लवकर. ती हळू चालते. रागावलीय."

ऑलिव्हच्या बागांतून वाट जिथे वर निघते आणि सगळं तळं एकदम खाली पसरलेलं दिसतं, तिथल्या दगडी बांधावर ती बसली होती. बूट काढून बाजूला ठेवलेले. उकडलेलं अंडं सोलत होती. मला बघून उठली नाही.

"बस किती वाजता पोचली?" तिने विचारलं.

"अकरा दहाला."

"बसायला जागा मिळाली?"

"मिळाली."

"बरं झालं." तिने सालं रुमालात ठेवली. "मी दहा किलोमीटर चढले. वळणावळणाला वाटत होतं, आता दिसेल. कुणी लंगडत येताना दिसला की वाटायचं, हाच. सात लंगडे भेटले मला."

मी तिच्या शेजारी बसलो. ती उन्हाने काळी झाली होती आणि तिच्या गळ्याशी नवा निळा रुमाल होता. इतक्या दिवसांत तिने रुमाल घेतला आणि मला तो माहीत नाही, हे मला कुठेतरी फार लागलं.

"झेलिंदाचा हात बरा झालाय," मी म्हणालो.

"ऑगस्टमध्येच झाला."

"मग आली का नाहीस?"

"तू ये म्हणालास का?"

"रोज फोन करत होतो."

"रोज बटण विचारत होतास." ती तळ्याकडे बघत होती. "मला वाटलं, ह्याला बरोबर बटण एकदा सापडलं की हा फोनही करायचा नाही. म्हणून मी रोज चुकीचं सांगत गेले."

मला माझे दोन स्वेटर आठवले. मला राग यायला हवा होता. तो आला नाही.

"एर्सिलिया," मी म्हणालो, "मला घरात करमत नाही."

"काय? वारा आहे. ऐकू नाही आलं."

"करमत नाही, म्हटलं."

"मोठ्याने बोल ना, ओरेस्ते."

"अगं, मला तुझ्यावाचून करमत नाही!" मी ओरडलो. नेमक्या त्याच वेळी वळणावरून पोलंडच्या नन आल्या. त्यांना भाषा कळली नसावी, पण आवाज कळला. चौघींनी एकदम मान लववली आणि गेल्या. आमच्या घराण्यात पहिल्यांदाच उच्चारलेलं वाक्य असं चार ननांच्या साक्षीने नोंदलं गेलं.

एर्सिलियाने अंड्याचे दोन तुकडे केले. मोठा मला दिला.

"चल घरी," मी म्हणालो. "बसनं. दोन तासांत पोचू."

"घरी कसा जाशील? पाल्मिराबाईंनी मला सगळं सांगितलंय. सतरा जणांचे निरोप घेतलेयस तू. कुणाच्या कवळीसाठी शब्द दिलायस. आता रोमला जावंच लागेल तुला."

"आणि तू?"

"मी मोंतेफियास्कोनेपर्यंत येते," ती म्हणाली. "एकच दिवस. पुढचं मग बघू."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. तिने मला आधी माझ्या मापाचे बूट घ्यायला लावले. मोंतेफियास्कोनेला पोचलो तेव्हा 'मग बघू'चा विषय मी काढला नाही, तिनेही काढला नाही. तिने नुसते माझे मोजे धुतले आणि खिडकीत वाळत घातले. सकाळी पुन्हा वाटेला लागलो.

चालायला ती पहिल्यापासून माझ्याहून चपळ. पहिल्या चढालाच पुढे निघून जायची. मी हाका मारायचो, 'अगं, हळू', तर मागे वळूनही बघायची नाही. मी आपला धापा टाकत वळणापर्यंत यावं, तर वळणाच्या पलीकडे ती बुटाची नाडी बांधायला वाकलेली. मी जवळ आलो की उठायची आणि चालायला लागायची. पुढच्या वळणावर पुन्हा नाडी सुटलेली. मी म्हणायचो, कसले बूट घेतलेस, नाडी एक धड राहत नाही. ती म्हणायची, हो ना.

व्हितेर्बोच्या वेशीत आम्ही पायऱ्यांवर टेकलो, तेव्हा मी पहिल्यांदा तिच्या पायांकडे नीट बघितलं. तिच्या बुटांना नाड्या नव्हत्याच. पट्टे होते.